पहिली बारी फेकायची

निवृत्तीभाऊ केदारी आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा मी दार उघडल्यावर नमस्कार-चमत्कार काही नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "एकोणीस सेकंद." मला वाटलं, ताटकळले म्हणून टोमणा मारतायत. मी "या, आत या" म्हणेपर्यंत त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं आणि पुन्हा बेल वाजवली. मी उघडलं. पुन्हा दार ओढलं, पुन्हा बेल. असं सहा वेळा झालं. मग चपला काढून आत आले, सोफ्याच्या कडेला टेकले आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "सात सेकंद धरा. पहिली बारी फेकायची असती." सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "हा माणूस तुझ्या ऑफिसातला आहे की मीटरचं रीडिंग घ्यायला आलाय?"

ऑफिसातलाच. कंपनी पुण्यात, मी लोणावळ्यात आणि भाऊ जवळच्याच औंढे गावात. दोघंही घरून काम करतो. नाव निवृत्ती असलं तरी वय बावन्न आणि नोकरी चालू. आमच्या मावळात बैलगाडा शर्यती होतात, तिथे एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात, आणि ती सेकंदांवर मोजतात. भाऊ तरुणपणी गावोगावच्या शर्यतींत घड्याळ धरून उभे राहायचे. पुढे तळेगावच्या एका कारखान्यात कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजायला लागले, तिथेच कॉम्प्युटर शिकले, आणि आमच्याकडे आले ते मोजणीलाच. मध्ये लग्नबिग्न करायचं राहून गेलं.

आमचा प्रोग्रॅम पावसाचे आणि धरणांचे आकडे घेऊन पुढच्या काही तासांत पाणी किती चढेल ते सांगतो. तो जितका लवकर सांगेल तितकं बरं, पाणी काही कुणासाठी थांबत नाही. आता, आम्ही लिहिलेला कोड ओळीओळीने वाचून मशीनकडून करून घेतो तो इंटरप्रिटर. आमचा दुभाषाच म्हणा. त्याची दरवर्षी नवी आवृत्ती येते, आणि ती आधीपेक्षा जोरात पळते असं तिचे कर्ते छातीठोकपणे सांगतात. भाऊ म्हणतात, "सांगाया काय जातंय? परतेक मालक आपल्या बैलाला वाराच म्हनतो." म्हणून तोच प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीवर पळवायचा, नव्या आवृत्तीवर पळवायचा आणि सेकंद मोजायचे. भाऊंचं काम हे.

ते ज्या सोवळ्यात चालतं ते बघण्यासारखं असतं. लॅपटॉप कडप्प्याच्या लादीवर, कारण दगड गार राहतो. पंखा तीनवर, खिडकी बंद, इंटरनेट बंद, फोन बंद. एकदा जुनी आवृत्ती, एकदा नवी, आळीपाळीने. "समद्या जुन्या बाऱ्या आदी घेतल्या की मशीन तापतं. तापल्या मशीनवर नव्याला पळवायचं, ह्यो अन्याय हाय." सहा बाऱ्या घ्यायच्या, पहिली फेकायची, कारण पहिल्या बारीला मशीन नुसतं अंग मोकळं करत असतं. उरलेल्या पाचांतली मधली धरायची. आणि साठ सेकंदांत बारी पुरी झाली नाही तर मशीननेच ती बाद करायची. "खोळंबून ऱ्हायाचं न्हाई ताई. कुनासाटी बी न्हाई."

साहेबांचं आणि त्यांचं वाजायचं ते मधल्या आकड्यावरून. साहेब पुण्यात बसतात आणि त्यांना सरासरी लागते. आकडे गोळा करून सरासरी काढणारी स्क्रिप्टही त्यांनी पुण्याहूनच धाडलेली. भाऊंना सरासरीचा राग. "जत्रंत एकानं धा भाकरी खाल्ल्या आन् नऊ जन उपाशी ऱ्हायले, तर तुमची सरासरी म्हनती परतेकानं एक एक खाल्ली." साहेब हसले नाहीत.

हसायला पुढे जागाच राहिली नाही. गेल्या महिन्यात भाऊंच्या मशीनवरून सरासरी आली ती भलतीच. नवी आवृत्ती जुनीपेक्षा शंभरपट मंद. साहेबांनी भरल्या मीटिंगमध्ये ती वाचून दाखवली, आणि ज्यांच्यासाठी काम करतो त्यांनी स्वतः पळवून बघितलं तर नवी चांगली सरस. साहेबांचं नाक कापलं गेलं. त्यांनी मला फोन करून सुनावलं, की शुक्रवारी चारपर्यंत नीट आकडे आले नाहीत तर मोजणी पुण्यात, आणि केदारींनी सोमवारपासून रोज ऑफिसात येऊन बसायचं.

मी हे भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "रोज न्हाई जमायचं."

"अहो, अर्धं लोणावळं रोज पुण्याला जातं."

"मग नोकरी गेली म्हना."

इतक्या शांतपणे म्हणाले की माझं डोकंच फिरलं. बावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार होतं यांना? आणि अडतंय काय, तर हट्ट. म्हटलं आता समोर बसूनच बघते, आणि शुक्रवारी अकरा वाजता स्कूटर काढून औंढ्याला गेले. निघताना फोन केला होता, त्यावरून पोहोचल्यावर भाऊ म्हणाले, "तेरा मिन्टं चाळीस?" मी म्हटलं, "भाऊ, आज नको."

घर साधं, स्लॅबचं. बाहेरच्या खोलीत लादी, लॅपटॉप, दोन खुर्च्या. आतल्या खोलीचं दार ओढलेलं. आत म्हातारी आई असते एवढं ऐकून होते. बाऱ्या सुरू झाल्या. मला खुर्ची हलवायला बंदी, पर्समधून रुमाल काढायलाही बंदी. बारा वाजता लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, पण बॅटरीवर तो आस्ते पळतो म्हणून भाऊंनी सकाळपासूनच्या सगळ्या बाऱ्या पुसल्या.

"सगळ्या?" मी म्हटलं.

"अर्ध्या बाऱ्या विजंवर, अर्ध्या बॅटरीवर, आसं न्हाई चालत."

लाइट आली एक वाजता. पुन्हा पहिल्यापासून. एकेक बारी पडद्यावर येत होती आणि प्रत्येक वेळी नवी आवृत्ती थोडी थोडी पुढेच होती. माझा जीव भांड्यात पडायला लागला. अडीच वाजता साहेबांची स्क्रिप्ट चालवली. तिने जुन्याच्या आणि नव्याच्या अशा दोन्ही फोल्डरांतले आकडे गोळा केले आणि उत्तर दिलं, नवी आवृत्ती शंभरपट मंद.

 पुन्हा चालवली. तेच. भाऊंच्या कपाळावर घाम आला होता, पंखा तीनवर असून. डोळ्यांसमोर एकही बारी मंद गेली नव्हती. त्यांनी आज घेतलेला प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचला, मी मागून वाचला. सगळे सरळ. आणि सरासरी म्हणजे भुताटकी.

तीन वाजून दहा मिनिटांनी भाऊंनी मनगटाकडे बघितलं आणि उठले. "आलो," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. दार अर्धवट लोटलं. आतून आवाज नाही, बोलणं नाही, भांड्याचा खणका नाही. तीन वीस झाले. तीन पंचवीस. घर जळतंय आणि हा माणूस आत जाऊन बसलाय. इतका संताप आला की सांगता सोय नाही. नोकरी कुणाची जातेय, माझी का त्यांची?

रागाने का होईना, हात चालायला लागले. म्हटलं, आजचेच आकडे किती वेळा वाचायचे, स्क्रिप्टलाच विचारू की नव्याच्या फोल्डरमधला सगळ्यात मोठा आकडा कुठला. तिने दाखवला. बाराशे साठ.

मी चष्मा पुसला. साठ सेकंदांनंतर बारी बाद होते. मग बाराशे साठ सेकंदांची बारी आली कुठून? एकवीस मिनिटं हा प्रोग्रॅम पळणारच नाही, भाऊंचं मशीन त्याला पळू देणारच नाही. आकडा ज्या फाइलमधला होता तिचं नाव होतं 'आतली खोली'. आमच्या बाऱ्यांच्या फाइली आवृत्तीच्या नावाने असतात. ही परकी होती, आणि शेवटी जो फोल्डर उघडा होता त्यात सेव्ह होऊन बसली होती. स्क्रिप्टला काय, फोल्डरमध्ये दिसेल ते उचलायचं एवढंच ठाऊक.

मी ती उघडली. तारीख, सकाळ-दुपार, सेकंद, आणि शेवटी एक शब्द. वरच्या ओळी लहान आकड्यांच्या. चार सेकंद, निवरती. सहा सेकंद, निवरती. मग पंचाहत्तर, आबा, नंतर निवरती. एकशे नव्वद, मास्तर. खाली जावं तसे आकडे वाढत गेलेले. सहाशे दहा, निवरती. बाराशे साठ, निवरती. मध्येमध्ये सेकंदांच्या जागी नुसती रेघ आणि पुढे 'काय न्हाई'. या फाइलमध्ये पहिली बारी कुठेच फेकलेली नव्हती.

मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर मघाच्या रागाची इतकी लाज वाटली की दाराकडे बघवेना. आधी फाइल त्या फोल्डरमधून काढून बाजूला ठेवली. स्क्रिप्ट चालवली. नवी आवृत्ती पुढे होती, बाऱ्यांत दिसत होती तितकीच पुढे. फोन आणि इंटरनेट चालू करून आकडे साहेबांना पाठवले तेव्हा तीन चाळीस झाले होते. लगेच फोन आला.

"हे बरोबर वाटतंय. घोळ काय होता?"

"एक परकी फाइल फोल्डरमध्ये शिरली होती, सर. गेल्या महिन्यातही तीच असणार. मोजणीत चूक नाही, भाऊंच्या सगळ्या बाऱ्या चोख आहेत."

"ठीक आहे. मग राहू दे त्यांना तिथेच."

मी फोन ठेवला तेव्हा भाऊ दारात उभे होते. आकडा लिहायला आले असणार. ती फाइल अजून पडद्यावर उघडीच होती. ती बघून ते तिथेच थांबले.

"माझी हाय ती," म्हणाले.

"कळलं. साहेबांचं काम झालं, भाऊ. पुण्याला जायला नको."

त्यांनी मान हलवली. खुर्चीत बसले, घड्याळ काढून लादीवर ठेवलं. "आईला वळख ऱ्हाईना, म्हनून डाक्टरनं नवी गोळी दिली. म्हनले, फरक पडतोय का बगा. म्या काय बगनार? मोजाया येतं, मोजतो. दारात उभा ऱ्हातो. बोलायचं न्हाई, खाकरायचं न्हाई. ती आपनहून नाव घील तवा घड्याळ बंद. येगळं नाव घेतलं तर वाईच आनखी थांबायचं."

"आणि साठ सेकंदांचा नियम?"

"त्यो मशीनला."

मी विचारलं, "आज?"

"आज नाव न्हाई निगालं." त्यांनी रकान्यात रेघ ओढली. पुढे 'काय न्हाई' लिहिलं.

मी म्हटलं, "मी आत येऊ का? नुसती भेटते." त्यांनी घड्याळ पुन्हा मनगटाला बांधलं आणि मला पुढे होऊ दिलं. आई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, लुगड्याचा काठ बोटांनी सारखा करत. मी उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं. त्यांनी वर बघितलं, माझ्या कुर्त्याकडे, ओढणीकडे, चष्म्याकडे, आणि सगळा चेहरा हसला.

"आलास व्हय, निवरती," म्हणाल्या.

दोन सेकंदही झाले नव्हते.  मागे वळून भाऊंकडे बघायचं धैर्य होईना, तरी बघितलं. त्यांचा अंगठा घड्याळाच्या बटणावर होता.

"पहिली बारी हाय ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "फेकायची."

त्यांनी मला हाताने बाजूला व्हायची खूण केली, मी उभी होते तिथे येऊन उभे राहिले आणि घड्याळ शून्यावर आणलं. आई त्यांच्याकडे बघू लागल्या. मी भिंतीला लागून उभी राहिले, पर्समधला फोन बंद केला आणि हलले नाही.