शून्य किमतीचा वळू

एखादी संस्था सुरळीत चालत असेल, तर ती का चालते हे कुणाला तरी सांगता आलं पाहिजे. नाहीतर त्या सुरळीतपणावर विश्वास ठेवता येत नाही. १९६२ साली उस्मानाबाद जिल्ह्यात ही अडचण प्रकर्षानं जाणवू लागली. कळंब तालुक्यातल्या पिंपळखोरीची सहकारी संस्था दहा वर्षं चालू होती. बियाणं वेळेवर मिळत होतं, गोदामातलं पोतं पोत्याला जुळत होतं आणि कुणाची तक्रार नव्हती. मात्र तक्रार नसल्याची लेखी नोंदही नव्हती. ही बाब गंभीर मानण्यात आली.

त्यावर उपाय म्हणून जूनमध्ये कळंबला सात दिवसांचा एक वर्ग भरला. त्याचं नाव ‘हिशेबाची पार्श्वभूमी नसलेल्या व्यवस्थापकांसाठी हिशेब व अर्थव्यवहार प्रशिक्षण वर्ग’ असं होतं. (फलक लहान पडल्यामुळे त्यावर ‘हिशेबाची पार्श्वभूमी नसलेल्या’ एवढंच मावलं.) वर्गाला एकोणीस जण हजर होते. पैकी अकरा जणांना जमा डावीकडे की उजवीकडे हा प्रश्न पडला होता, सात जणांना असा प्रश्न असतो हेच ठाऊक नव्हतं, आणि एक जण बसची वाट बघत बघत आत येऊन बसला होता. अंतिम परीक्षेत त्याचा दुसरा क्रमांक आला.

पहिला आला पिंपळखोरीचा उत्तरेश्वर.

उत्तरेश्वर सेहेचाळीस वर्षांचा. निजामाच्या अमलात उर्दूतून चार यत्ता झालेल्या, त्यामुळे डाव्या-उजव्याच्या बाबतीत त्याचं मन मोकळं होतं. महिना पंचेचाळीस रुपये पगारावर तो संस्थेचा व्यवस्थापक होता आणि सगळा कारभार डोक्यात ठेवत होता. सात दिवसांत तो किर्द शिकला, खतावणी शिकला, ताळेबंद शिकला. सातव्या दिवशी मार्तंडराव साहेबांनी घसारा शिकवला. जिल्ह्यात हिशेब जाणणाऱ्यांची टंचाई असल्यामुळे व्यवस्थापकांना शिकवायचं काम मार्तंडरावांकडे होतं आणि नंतर त्यांच्या चुका काढायचं कामही त्यांच्याकडेच होतं. त्यामुळे एकही चूक वाया जात नसे.

घसाऱ्याचं तत्त्व सोपं आहे. प्रत्येक वस्तू दर साल झिजते, म्हणून तिच्या खरेदीच्या किमतीतून दर साल दहावा हिस्सा वजा करायचा. दहा वर्षांनी वस्तू संपते. ती समोर दिसत असली तरी संपते. (मार्तंडरावांच्या मते दिसणं हा हिशेबाचा पुरावा नव्हे.)

परीक्षेत प्रत्येकानं आपापल्या संस्थेतल्या एका वस्तूचा घसारा काढायचा होता. उत्तरेश्वरनं संस्थेचा वळू घेतला. देवणी जातीचा, नाव सरदार, खरेदी जुलै १९५२, किंमत चारशे रुपये. संस्थेच्या जडवस्तू नोंदवहीत तो मोठ्या तराजूच्या खाली आणि कंदिलाच्या वर नोंदवलेला होता. उत्तर शून्य आलं. दहापैकी दहा गुण मिळाले. गावी परतल्यावर उत्तरेश्वरनं मोठ्या अभिमानानं नोंदवहीत सरदारपुढं सुबक शून्य काढलं आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

सरदार त्या वेळी गोठ्यात रवंथ करत होता. आपण संपल्याचं त्याला कळवण्याची तरतूद नियमात नव्हती.

इथं पिंपळखोरीची जुनी पद्धत सांगणं भाग आहे. कुणी गाय दाखवायला आणली की वळूची फी म्हणून गोठ्याशेजारच्या कणगीत पायलीभर ज्वारी ओतायचा. सरदार त्याच ज्वारीचा भरडा खायचा. कागदाला कागद लागत नव्हता. कणगी भरली की गायी बऱ्याच आल्या असं समजायचं आणि कणगी खाली गेली की सरदारला सुट्टी होती असं समजायचं. पण आता उत्तरेश्वर प्रशिक्षित होता. प्रत्येक पायली तो रुपयानं जमा करू लागला, आणि प्रत्येक पायलीचा भरडा खर्ची टाकू लागला.

शेजारच्या कस्तुराबाई, ज्यांच्या तिन्ही गायी सरदारच्याच कृपेनं दुभत्या होत्या, एकदा पावतीवर अंगठा उठवताना म्हणाल्या, “आरं उत्तरेश्वरा, शिकून आल्यापास्नं तुझं लई बिघडलंय बग. आदी म्या पायली वतली की तू नुस्ती मान हालवायचास. आता माज्याकडनं अंगठा घेतोस. वळू काय पळून जानार हाय माज्यासंगं?”

“मावशी, नियम हाय.”

“सरदारला इचारलास का नियम?”

वर्ष सरलं. पुढच्या जुलैत मार्तंडराव तपासणीला आले. त्यांनी वह्या उघडल्या आणि चष्मा पुसला. एवढा नीट लिहिलेला हिशेब त्यांनी तालुक्यात पाहिला नव्हता. पूर्वीच्या वह्यांत चूक शोधायला दोन दिवस लागत. इथं ती पहिल्या पानावरच सापडली.

“एकशे ब्याण्णव रुपये भरडा,” ते म्हणाले. “कुणासाठी?”

“सरदारसाठी, साहेब.”

“सरदार तर गेल्या सालीच जूनअखेर संपला. तुमचंच अक्षर आहे.”

“पन साहेब, त्यो जिता हाय.”

“मेला असं मी कुठं म्हणालो? संपला म्हणालो.”

“संपला तर भरडा खातंय कोन?”

“तेच मी विचारतोय,” मार्तंडराव शांतपणे म्हणाले. “खातंय कोण?”

उत्तरेश्वरनं खिडकीतून गोठ्याकडे बोट दाखवलं. मार्तंडरावांनी तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शेऱ्यात लिहावं लागलं असतं.

शेरे तीन झाले. एक, अस्तित्वात नसलेल्या वस्तूवर एकशे ब्याण्णव रुपये खर्च झाला असून तो व्यवस्थापकांच्या पगारातून, म्हणजे चार महिने आठ दिवसांच्या पगारातून, वसूल करावा. दोन, याच वस्तूपासून तितकंच उत्पन्न झाल्याचं दाखवलं आहे. वस्तूची किंमत शून्य असल्यामुळे उत्पन्नाचा शेकडा दर काढता येत नाही, सबब उत्पन्न संशयास्पद. तीन, संपलेली वस्तू तीस दिवसांत जाहीर लिलावानं काढून टाकावी. न काढल्यास संस्थेला ‘ड’ वर्ग मिळेल आणि व्यवस्थापकांना घरी बसावं लागेल.

उत्तरेश्वर त्या दिवशी जेवला नाही. जनावरांच्या लिलावाला येडशीकडून कोण येतं हे त्याला ठाऊक होतं. चौदा वर्षांचा वळू त्यांच्यातला कुणी पाळायला नेत नाही. वजन करून नेतात. सरदार वाचवावा तर नोकरी जात होती, आणि नोकरी वाचवावी तर सरदारचा कासरा आपल्या हातानं त्यांच्याकडे द्यावा लागत होता. प्रशिक्षणाच्या टिपणवहीत यावर काही नव्हतं. त्यानं ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना मात्र तो थांबला आणि कस्तुराबाईंकडे गेला.

लिलावाची जाहिरात नियमाप्रमाणे लागली. मजकूर नोंदवहीतून जसाच्या तसा उतरवावा असा नियम होता, म्हणून उत्तरेश्वरनं तो तसाच उतरवला: ‘जडवस्तू. नग एक. खरेदी १९५२. आजची किंमत शून्य.’ वस्तू कोणती हे लिहिण्याचा रकाना जाहिरातीच्या नमुन्यात नव्हता. येडशीचे व्यापारी फलक वाचून पुढच्या गावी गेले. अकरा वर्षांचा फुकटातला कंदील बघायला कोण थांबणार!

लिलावाच्या सकाळी मार्तंडराव जातीनं हजर राहिले. बोली बोलायला कस्तुराबाई एकट्या.

“आठ आने,” त्या म्हणाल्या.

“नवे पैसे सांगा.”

“तुमीच सांगा. म्या तर आठ आनेच देनार.”

“पन्नास नवे पैसे. एकवार, दोनवार.” मार्तंडरावांनी दाराबाहेर नजर टाकली. कुणी नव्हतं. “तीनवार.”

कस्तुराबाईंनी पदराच्या गाठीतून अधेली काढली. उत्तरेश्वरनं पावती फाडली, पण पहिलीवर त्यानं घाईत ‘आठ आणे’ लिहिल्यामुळे ती दोनदा फाडावी लागली. (पहिली ‘रद्द’ म्हणून वहीला डकवली आहे.)

“आता तुमची वस्तू घेऊन जा,” मार्तंडराव म्हणाले.

“कुटं नेऊ? माज्या दारात तीन गायी हायत. ऱ्हाऊ द्या हितंच.”

“मग जागेचं भाडं पडेल. महिना दोन रुपये.”

“आन् गावच्या गायी यायच्या त्याचं काय? माजा वळू फुकट न्हाय.”

मार्तंडरावांनी विचार केला. “संस्थेला वळू भाड्यानं घेता येईल. भाडं हा मान्य खर्च आहे. महिना पंधरा.”

अशा रीतीनं हिशेब शुद्ध झाला. पूर्वी संस्थेचा वळू संस्थेच्या गोठ्यात उभा राहून आपल्याच कमाईचं खात होता. आता तोच वळू त्याच गोठ्यात उभा राहून तेच खातो, आणि संस्था त्यापायी दरमहा तेरा रुपये निव्वळ देते. शून्य किमतीची वस्तू पन्नास पैशांना विकल्याबद्दल संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब यांचा जिल्ह्याच्या सभेत हार घालून सत्कार झाला. (या नफ्याचाही शेकडा दर काढता आला नाही; पण नफा असल्यामुळे तो संशयास्पद ठरला नाही.) संस्थेला ‘अ’ वर्ग मिळाला. वसुली माफ झाली. पुढच्या वर्गात घसारा हा विषय शिकवायला उत्तरेश्वरला बोलावणं आलं आणि तो गेला.

जाण्याआधी तो गोठ्यात गेला. सरदारनं त्याचा हात चाटला. खरेदीची किंमत पन्नास पैसे धरता कस्तुराबाईंच्या हिशेबी सरदारला अजून दहा वर्षं आहेत. त्या हिशेब ठेवत नाहीत, ही त्यातली मोठी सोय.

वाचकांपैकी ज्यांना मार्तंडरावांचं हसू आलं असेल, त्यांनी आपल्या घराच्या बाहेरच्या खोलीत एकदा डोकावून पाहावं. तिथल्या बाजेवर कुणीतरी बसलेलं असेल. एके काळी त्यांच्या कमाईवर घर चाललं. आता ते दोन वेळा जेवतात, एकच गोष्ट चारदा सांगतात, आणि आपण दर साल मनातल्या मनात त्यांच्यातलं थोडं थोडं वजा करत आलो आहोत. आज आकडा कुठवर आलाय हे ज्यांना न मोजता सांगता येईल, त्यांना वर्गातून सूट आहे. त्यांना घसारा आधीच येतो.