‘आधी’चा फोटो

वस्तीतल्या आरोग्य केंद्राला परदेशी अनुदान मंजूर झालं, तेव्हा नर्सबाईंनी मागणीपत्रात एकच ओळ लिहिली : दम्याचे पंप. केंद्राच्या पायरीवर रोज धापा टाकत बसणाऱ्या मावशींना त्यांनी ती वाचूनही दाखवली. मावशींना एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागे. तरी त्या म्हणाल्या, “तुझं... भलं होवो गं... बाई.”

महिन्याभरात अनुदान पोचलं. पहिल्यांदा प्रकल्प समन्वयक आले, मग त्यांची फिरती खुर्ची आणि ‘मोकळा श्वास, समर्थ समाज’ असा लांबलचक फलक. फलकाला भिंत अपुरी पडली म्हणून रीतसर ठराव करून खिडकी बुजवण्यात आली. औषधांसाठी नवं लोखंडी कपाटही आलं, कुलपासकट, रिकामं.

“साहेब, पंप?”

“बाई, औषधं वाटून लोक परावलंबी होतात. आपण त्यांची क्षमता वाढवतो.”

“मावशींना पाच पायऱ्या चढायची क्षमता राहिली नाही, साहेब. पंप दिलात तर वाढेल.”

समन्वयक तसे गुणग्राहक. त्यांनी वाक्य अहवालासाठी टिपून घेतलं आणि फोटोवाल्याला बोलावलं. उघडं तोंड, ताणलेल्या शिरा, भिंतीला टेकलेला हात असा मावशींचा फोटो निघाला. त्याखाली लिहिलं : ‘आधी’.

“मग ‘नंतर’चा कधी?” नर्सबाईंना वाटलं, आता तरी पंप येईल.

“तीन वर्षांनी, प्रकल्प संपताना. तोवर लाभार्थीच्या स्थितीत फरक पडता कामा नये. मध्येच बऱ्या झाल्या, तर आमच्यामुळे झाल्या हे सिद्ध कसं करायचं?”

नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी पंप आणला आणि गुपचूप मावशींना दिला. पंधरा दिवसांत मावशी पायरीवर बसून आल्यागेल्याची खेचू लागल्या. एकदा समन्वयकांनी त्यांना भरली बादली नेताना पाहिलं.

“या बऱ्या कशा झाल्या?” समन्वयक चोर सापडल्यासारखे ओरडले. “परवा परदेशी पाहुणे येताहेत आणि तुम्ही खुशाल अनधिकृत सुधारणा करून बसलात!”

पंप जप्त झाला. त्यावर ‘प्रकल्पबाह्य वस्तू’ अशी चिठ्ठी डकवून तो कपाटात ठेवला गेला. कपाटात आलेलं ते पहिलं औषध. किल्ली समन्वयकांच्या खिशात गेली.

“पाहुणे गेले की देतो. तोवर दुसरा आणायचा नाही,” ते म्हणाले. “अनुदान टिकलं तर केंद्र टिकेल. केंद्र टिकलं तर तुमची नोकरी.”

नर्सबाई गप्प बसल्या. हे त्यांना पुढे कधीच विसरता आलं नाही. मावशींजवळ जाऊन त्या म्हणाल्या, “दोन दिवस कळ काढा, मावशी.”

“अगं, नाटक करते की! धापा काय, मला तोंडपाठ आहेत.”

“नाटक चालत नाही म्हणतात. खरंच हवं.”

पाहुणे आले. मावशी फलकाखाली बसल्या होत्या, ओठ निळे पडलेले. पाहुण्यांचे डोळे भरून आले. समन्वयकांचं भाषण चालू असतानाच मावशी कलंडल्या. नर्सबाई किल्लीसाठी धावल्या, तर समन्वयकांनी हातानेच ‘थांबा’ अशी खूण केली. शेवटचे दोनच मुद्दे राहिले होते. दुसरा मुद्दा लांबला. नर्सबाईंनी किल्ली खिशातून हिसकावून घेतली तेव्हा मावशींना पंपाची गरज उरली नव्हती.

अनुदानाला मुदतवाढ मिळाली. अहवालाच्या मुखपृष्ठावर मावशींचा ‘आधी’चा फोटो छापला. ‘नंतर’च्या चौकटीत उघड्या कपाटाचा फोटो टाकला, खाली ओळ : ‘औषधसाठा शिल्लक’. पायरीवर बसायला दुसरी दमेकरी बाई शोधायचं काम नर्सबाईंकडे आलं. त्यांनी ते केलं.

अहवाल वाचून सगळ्यांना फार वाईट वाटलं. तुम्हालाही आत्ता वाटलं असेल. ‘समाजात संवेदनशीलता वाढली’ या रकान्यात त्याची नोंद झालेली आहे. लाभार्थी म्हणून तुमचं नाव आहे, सही तेवढी राहिली आहे.