समजा, तुम्ही नसलात तर?

"समजा, तुम्ही उद्या मेलात, तर या दुकानाचं काय?"

मोघेकाका माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. चार पोळ्या आणि फ्लॉवरची भाजी घेतली, पिशवीला गाठ मारली, आणि भाजीत कांदा आहे का असं विचारावं इतक्या सहज त्यांनी हे विचारलं. सकाळची वेळ, माझी अजून धड बोहनीही झाली नव्हती.

"दारावर पाटी लावू," मी म्हटलं. "'मालकीण वारली आहे. उगाच बेल वाजवू नये.'"

यावर माणूस हसेल किंवा चिडेल. काकांनी विचार केला. "पण पाटी लिहिणार कोण?" म्हणाले. "ते आधी ठरलेलं बरं."

माझं पोळी-भाजी केंद्र आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आणि काका तिसऱ्या मजल्यावर. खडकीच्या एका कारखान्यात, नियोजन विभागात, उभा जन्म काढून ते निवृत्त झाले होते. कारखान्यात काय बनायचं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं की दोन्ही बाजूंना बघायचे आणि "ते सांगता येत नाही" म्हणायचे. काकू जाऊन थोडी वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. स्वयंपाकाची बोंब, म्हणून रोज माझ्याकडे यायचे आणि पोळ्या बांधून होईपर्यंत आमचा जीव खायचे. समजा, गॅस संपला? समजा, गुरुवारी पाणी बंद असतं ते शुक्रवारीही आलं नाही? समजा, कुसुमच्या दिराचं लग्न निघालं?

कुसुम म्हणजे माझी पोळ्यावाली. हडपसरच्या पलीकडून दोन बस बदलून यायची, आणि तोंडानं माझ्यापेक्षा फटकळ. "काका, माझ्या दिराचं लगीन झालंय कवाच," ती लाटणं न थांबवता म्हणायची. "त्याला दोन पोरं हायती."

"मग समजा, पोरं आजारी पडली?"

"तुमच्या तोंडात साखर पडो," कुसुम म्हणायची. ती साखर कुठल्या चवीची होती, ते सगळ्यांना कळायचं.

सोसायटीची सहल एकदा खडकवासल्याला गेली. हे गृहस्थ आदल्या दिवशी दुसऱ्या बसवाल्याकडे जाऊन त्याला तयार राहायला सांगून आले होते, समजा पहिली बस बिघडली तर म्हणून. शिवाय सगळ्यांना पुरेल इतकी शेंगदाण्याची चिक्की पिशवीत. बस काही बिघडली नाही. येताना आम्ही गाण्याच्या भेंड्या खेळत होतो आणि काका पडलेल्या चेहऱ्यानं इंजिनाचा आवाज ऐकत होते.

माझ्या दुकानाला 'रीतसर योजना' हवी, हा त्यांचा हेका. मला या शब्दाचा संताप यायचा. अहो, चार शेगड्या, तीन बायका आणि एक मी! आमटीला गूळ किती, कुठल्या डब्यातलं तिखट जहाल, कुठल्या आजोबांना भाजी बिनतिखटाची, सगळं माझ्या डोक्यात. एक दिवस मी फणकाऱ्यानं म्हटलं, "काका, घर काय योजनेवर चालतं का?"

"घर चालत नाही," काका म्हणाले. "घर बायका ओढतात."

एवढं बोलून त्यांना आणखी चेव आला. "योजना म्हणजे काय, नीलाताई? काय करायचं, किती करायचं, कुणी करायचं, किती वाजेपर्यंत करायचं, आणि ती व्यक्ती आली नाही तर तिच्या जागी कोण. बास."

"एवढंच ना? ते मला पाठ आहे."

"तुम्हाला पाठ आहे. धंद्याला पाठ नाही."

उंटावरचे शहाणे, असं म्हणून मी तो विषय बाजूला ठेवला. पण एक गोष्ट काकांना ठाऊक नव्हती, आणि खरं तर मी आमच्या ह्यांनाही नीट सांगितली नव्हती. माझ्या पित्ताशयात खडे झाले होते. डॉक्टर ऑपरेशन करून घ्या म्हणून मागे लागले होते, आणि मी आज करू, दिवाळीनंतर करू, परीक्षा झाल्या की करू, असं ढकलत होते. पंधरा-वीस दिवस दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल आणि माझ्या तिघी जणी दुसरं काम धरतील, ही भीती. लग्नानंतर पहिल्यांदा माझं स्वतःचं म्हणावं असं काहीतरी उभं राहिलं होतं. ते मोडलं असतं तर मी पुन्हा उभं केलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं.

शेवटी खड्यांनीच निकाल लावला. ऐन गर्दीच्या वेळी पोटात अशी कळ आली, की मी आमटीच्या पातेल्याशेजारी मटकन खाली बसले. ह्यांनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मागे दुकानात जे झालं ते ऐकवत नाही. भाजीत मीठ तिघींनीही घातलं, कारण प्रत्येकीला वाटलं दुसरीनं घातलं नसेल. आमटीत कुणीच घातलं नाही, कारण प्रत्येकीला वाटलं दुसरीनं घातलं असेल. बिनतिखटाची भाजी भलत्याच घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी घरी परतले, तर एक आजोबा येऊन मला म्हणाले, "तक्रार नाही. भाजी धुऊन खाल्ली. फक्त कानावर घातलं."

त्या संध्याकाळी काका आमच्या घरी आले. मी वाटच बघत होते, की आता म्हणणार, 'मी सांगत नव्हतो?' ते काही म्हणाले नाहीत. खुर्चीत बसले आणि ह्यांना विचारलं, "डॉक्टर ऑपरेशनला कधीची तारीख देतायत?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तोवर मला रोज सकाळी दुकानात बसू द्या."

अडला हरी! दिली परवानगी.

पुढचे दिवस विचारू नका. काका हातात घड्याळ घेऊन कुसुमच्या डोक्याशी उभे. पोळ्या किती वेळात होतात, कणीक कोण भिजवतं, ती आली नाही तर कोण भिजवेल. मी 'चमचाभर' म्हटलं की "कुठला चमचा?" मी 'अंदाजानं' म्हटलं की त्यांना उचकी लागल्यासारखं व्हायचं. मग एका मोठ्या कागदावर सगळं नीट लिहून त्यांनी भिंतीवर लावलं. कुसुम तो बघून म्हणाली, "मला वाचाया येतंय, काका. पर पोळी करताना ह्ये वाचू का पोळी बघू?"

मला वाटलं, आता चिडणार. पण काका म्हणाले, "बरोबर आहे." आणि तेव्हापासून तिघींना रोज एकमेकींची कामं करायला लावली. पोळ्यावालीनं भाजी, भाजीवालीनं हिशेब. आठवड्याभरात कागदाकडे कुणी बघेना, आणि बघायची गरजही पडेना.

मग आली रंगीत तालीम. मला बाहेर स्टुलावर बसवलं. "आज तुम्ही नाही आहात," काका म्हणाले. "कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही."

पहिलंच गिऱ्हाईक आलं. "काय हो, भाजी कुठली आज?"

"मी नाहीये," मी म्हटलं. "आत विचारा."

पुण्यात दुकानदार असंच बोलतो, त्यामुळे त्यांना काही वेगळं वाटलं नाही. ते आत गेले. आतून मसाल्याचा वास येत होता, भांडी वाजत होती, कुसुम कुणावर तरी खेकसत होती, आणि मी हात मांडीवर घेऊन बसले होते. दुपारपर्यंत एकीनंही बाहेर येऊन मला काही विचारलं नाही. तालीम झकास झाली. काका खूश, ह्यांनी पेढे आणले, आणि मला मात्र काही गोड लागेना. त्या दिवशी मी घरी येऊन उगाचच धाकट्या लेकावर डाफरले.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी अर्धवट गुंगीत पडले होते, तेवढ्यात नर्स आली, कपाळाला आठ्या. तेव्हा काही मोबाईल नव्हते. "तुमच्या दुकानातून फोन आहे. काय तर म्हणे आमटीला गूळ किती?"

तुम्हाला सांगते, भूल उतरली ती तेव्हा! "लिंबाएवढा म्हणावं! आणि उकळी आल्यावर!" मी ओरडले. टाके ओढले गेले, पण जिवाला बरं वाटलं. पुढच्या दिवशी फोन, भरल्या वांग्यात तीळ घालायचे का. तिसऱ्या दिवशी, मेथी निवडायची की चिरायची. मी भिंत धरधरून त्या फोनपर्यंत जायला लागले. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर चालणारा पेशंट बऱ्याच दिवसांत बघितला नाही. मी ह्यांना म्हटलं, "बघितलंत? एवढा मोठा कागद लावला भिंतीवर, आणि गुळाशी घोडं अडलं! नियोजन विभाग म्हणे!"

घरी आले. दुकान चालूच होतं. गिऱ्हाईक सगळं जागच्या जागी, उलट दोन घरं वाढलेली. काका पोळ्या न्यायला आले, तेव्हा मी संधी सोडली नाही. "काय काका, त्रुटी राहिली ना तुमच्या योजनेत? रोज फोन करावा लागला."

"राहिली खरी," काका म्हणाले आणि पिशवीला गाठ मारायला लागले.

ते गेल्यावर कुसुम हसायला लागली. "काय झालं गं दात काढायला?"

"काय न्हाय, ताई."

"बोल."

"गुळाचं ठावं नसंल व्हय मला? इतकी वर्सं तुमच्या शेजारी हुबी हाय. काकांनीच सांगितलं हुतं. रोज एक फोन करायचा, कायबी इचारायचं. पर ताईंना न्हाय सांगायचं."

मी हातातली पळी ठेवली आणि तशीच जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. अजून जिने चढायची मनाई होती, पण राग आला की मला सुचत नाही. काकांनी दार उघडलं. मी म्हटलं, "मला काय कुक्कुलं बाळ समजलात? खोटे फोन करून खेळवायला?"

"बसा," काका म्हणाले. "टाके दुखतील."

मी बसले. खोली लख्ख आवरलेली होती आणि कोपऱ्यात काळा टेलिफोन, त्याच्या शेजारी एक खुर्ची.

"मी निवृत्त झालो ना," काका म्हणाले, "तेव्हा माझ्या जागी येणारा माणूस सहा महिने आधी तयार केला होता. एक गोष्ट सांगायची ठेवली नाही. साहेब म्हणाले, मोघे, तुमची जागा रिकामी झाल्याचं कुणाला कळणारसुद्धा नाही. मला अभिमान वाटला." ते चष्मा पुसायला लागले. "दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून इथं बसलो. म्हटलं, काहीतरी विचारायला फोन येईल. एखादं किरकोळ. नाही आला. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. मग एक दिवस वाजला. धावत जाऊन उचलला, तर आमची ही! शेजारच्यांकडून फोन लावून बघत होती. म्हणाली, अहो, मला वाटलं बिघडलाय की काय."

मला इतकं वाईट वाटलं, की वाटलं त्या कारखान्यात जाऊन एकेकाला फैलावर घ्यावं.

"योजना हवीच," काका म्हणाले. "त्याशिवाय धंदा टिकत नाही. पण तुम्ही त्या तालमीच्या दिवशी स्टुलावर बसला होतात ना, तो चेहरा मला ओळखीचा वाटला."

मी खाली आले. कुसुम माझ्याकडे बघत होती, मी पळी उचलून कामाला लागले. रात्री ह्यांना सगळं सांगितलं आणि सांगताना रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कणीक भिजली होती, आमटीला उकळी फुटली होती, सगळं कसं घड्याळासारखं चाललं होतं. मी दुकानातला फोन उचलला आणि काकांचा नंबर फिरवला. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"काका, मी नीला. अहो, अडलंय इथं. जरा खाली येता का?"

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आणि लगेच वर दार उघडल्याचा. 'समजा'सुद्धा म्हणाले नाहीत.

कुसुमनं लाटणं थांबवलं. "ताई, काय अडलंय?"

"शोध काहीतरी पटकन," मी म्हटलं. "ते जिना उतरतायत."