लाल दिव्याचं शिखर

लेझर बंद केला तरी पडद्यावरच्या आलेखातलं दुसरं शिखर जागचं हललं नाही. संशोधिकेनं बटण खरंच बंद आहे ना, ते वाकून पाहिलं. तासाभरानं याच शिखरावर तिची पीएचडीची तोंडी परीक्षा होती.

लेझर पडला की अर्धवाहकाच्या पापुद्र्यात इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा जोडीनं नांदतात. काही जोड्यांना आणखी एक इलेक्ट्रॉन येऊन चिकटतो. विझताना ते उजेड देतात: जोडीच्या उजेडाचं एक शिखर, तिघांच्या उजेडाचं दुसरं. मधलं अंतर म्हणजे त्या तिसऱ्याला हुसकायला लागणारी ऊर्जा. तिचं उत्तर आलं होतं एकतीस मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट. परीक्षक ज्या आकड्यामुळे नावारूपाला आले, तोही एकतीसच. परीक्षक म्हणजे तिच्या मार्गदर्शक सरांचे सर, सगळ्यांचे मोठे सर.

"लेझर बंद, मग हा उजेड कुठला?" तिनं तंत्रज्ञांना विचारलं.

ते टेबलाखाली शिरले. "एक्स्टेंशन बोर्डाचा लाल दिवा आहे की, मॅडम. पिन काढू?"

"नको, त्यावरच थंडाव्याचा पंप आहे. अंगठ्यानं झाका." तिनं लेझर पुन्हा लावला.

जोडीचं शिखर उगवलं. दुसरं नाहीसं झालं. चार वर्षं तिनं दिवा मोजला होता.

तेवढ्यात दार उघडलं. सर मोठ्या सरांना तासभर आधीच घेऊन आले होते.

"अगं, शिखर कुठंय?" सर ओरडले.

तंत्रज्ञ दचकले, अंगठा सुटला आणि शिखर आलं. त्यांनी घाईनं तो परत दाबला. शिखर गेलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं सगळं सांगितलं. आपल्याला आता घरी पाठवणार, याची तिला खात्री होती.

पण मोठे सर बोर्डाकडेच बघत होते. "हा आणला कुठून?"

सर पुढे झाले. "तुमच्याच लॅबमधून, सर. एकतीस आलं तेव्हा हाच टेबलाखाली होता. शुभ म्हणून मागून घेतला होता."

मोठे सर मटकन स्टुलावर बसले. तो आकडा आता पाठ्यपुस्तकांत होता. मग त्यांनी दाराकडे बोट केलं.

"दार लावून घ्या. मुली, तू पास. आणि हे आपल्या तिघांतच राहू दे."

टेबलाखालून तंत्रज्ञांनी हळूच डोकं बाहेर काढलं. "चौघांत, सर. अंगठा काढू का आता?"