दोन लुगडी पुढं

धायरी फाट्यावरून रिक्षा आत वळली की गावंडे काकू रिक्षावाल्याला सांगतात, "घे अजून दोन लुगडी पुढं." रिक्षावाला मागे वळून बघतो. काकू शांत असतात. लुगडं नऊ वारांचं असतं, एवढं ज्याला ठाऊक नाही त्याने रिक्षा कशाला चालवावी, असा त्यांचा चेहरा.

काकू मूळच्या परतवाड्याच्या. तिथल्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. पाटीवर लिहिलेलं, 'गावंडे अँड सन्स'. सन्स कधीच नव्हते. एक मुलगी होती, नीता. गावंडे काका गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी राजकारण बोलत आणि काकू जन्मभर उभ्या राहून कापड मोजत. पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. ही गोष्ट मी कुणालाही सांगताना चिडते, काकू चिडत नाहीत. "पाटी लहान होती," म्हणतात.

काका गेल्यावर दुकान विकलं आणि नीताने आईला आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर आणून ठेवलं. मग गेल्या वर्षी काकू नीताच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या. इतर बायका तिथून बदाम आणि चॉकलेटं आणतात. काकू अमेरिकन फुटबॉल घेऊन आल्या.

नीताचं गाव लहान आहे. गावात एक कॉलेज आणि कॉलेजची एक टीम, बाकी सगळं थंड. शनिवारी अख्खं गाव स्टेडियममध्ये जाऊन बसतं. काकूंना पहिल्या दिवशी खेळाचं काही कळलं नाही. "नाव फुटबॉलचं, खेळ कबड्डीचा, अन् डोक्शावर दरेकाच्या हेल्मेट. पुण्याच्या मानसाले जमनार नाई." पण समालोचक सारखा 'यार्ड, यार्ड' करत होता. यार्ड म्हणजे वार, हे जावयाने सांगितलं आणि काकू खुर्चीत सरसावून बसल्या. सगळा खेळ वारावर चालतो म्हटल्यावर तो त्यांचाच धंदा झाला. चार डावांत मिळून दहा वार पुढं जायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याला द्यायचा. काकूंच्या भाषेत, "एक लुगडं अन् वर ब्लाउजपीस."

त्यांना हारजितीशी देणंघेणं नाही. त्यांना प्रत्येकाचे वार पाहिजेत. कॉलेजच्या इतिहासात सर्वांत जास्त वार पळणारा कोण, फेकणारा कोण, एका मॅचमध्ये कुणी किती झेललं, सगळं तोंडपाठ. नावं मात्र उच्चारता येत नाहीत म्हणून त्यांनीच ठेवली आहेत. फेकण्यात पहिला तो लंबू, झेलण्यात पहिला तो चिकट्या. प्रत्येक डावाआधी गुडघ्यावर बसून देवाचं नाव घेणारा तो गुरव. मेथी निवडता निवडता त्या मला लंबूचे आकडे सांगतात, अगदी भाच्याच्या मार्कांसारखे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुंपणाची भिंत कुठवर पडली आहे, असा प्रश्न निघाला. काकूंनी उत्तर दिलं, दीड लुगडं. आमचे सेक्रेटरी आपटे चष्मा पुसत म्हणाले, "अहो गावंडेबाई, आपण मीटरमध्ये बोललात तर कॉन्ट्रॅक्टरला नेसावं लागणार नाही."

"नेसला तर बरंच," काकू म्हणाल्या. "भिंत तरी सरळ बांधंल."

मला हा छंद पटत नव्हता. टँकरच्या पाण्यावर मी पत्रकं वाटते म्हणून काकू मला पत्रकवाली म्हणतात. एकदा मी त्यांना पत्रकाच्याच आवाजात ऐकवलं की विक्रम हा व्यक्तिपूजेचा प्रकार आहे. दहा जण चिखलात पडून वाट मोकळी करतात, अकरावा पळतो आणि भिंतीवर नाव फक्त त्याचं लागतं. त्या दहांचे वार कोण मोजतं?

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "बरोबर हाय तुहं. पन भिंतीवर नाव हाय त्याच्याकडं तरी कोन जाऊन राहिलं व?"

तेव्हा मला वाल्टरभाऊ कळले. नीताच्या शेजारच्या घरात राहणारा म्हातारा. तरुणपणी त्याच कॉलेजकडून खेळलेला, आणि पळण्यात सर्वांत जास्त वार अजूनही त्याचेच. आता गुडघे गेले आहेत, बायकोही गेली आहे. दुपारी काकू नातीला घेऊन उन्हात पायरीवर बसत आणि तो त्याच्या पायरीवर बसे. तो इंग्रजीत बोलायचा, काकू वऱ्हाडीत. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला मधेच थांबवत नसे. सहा महिन्यांत त्या गावात काकूंशी रोज बोलणारा घराबाहेरचा तो एकटाच. बाकीचे हसून पुढे जायचे.

वर्षातून एका मॅचला कॉलेज वाल्टरभाऊंना घ्यायला गाडी पाठवतं. मैदानाच्या मध्ये उभं करतं, त्यांचा आकडा वाचून दाखवतं, लोक उठून टाळ्या वाजवतात. त्या एका दिवसासाठी तो म्हातारा कोट इस्त्री करून ठेवतो, हे काकूंनी खिडकीतून पाहिलं होतं.

"रेकॉर्ड मोडला तं गाडी कोनासाठी येईन?" त्यांनी मला विचारलं.

मोडणारा तयारच होता. गुरव. यंदा तो असा पळत सुटला की दिवाळीपर्यंत वाल्टरभाऊंच्या फार जवळ येऊन पोचला. काकूंना गुरव आवडायचा, म्हणून त्यांची जास्त पंचाईत. तो पळाला की कौतुक करायच्या आणि लगेच देवाकडे बघून, "पुरे आता," म्हणायच्या.

हंगामाची शेवटची मॅच टीव्हीवर आपल्याकडच्या रविवारी सकाळी होती. काकूंनी मला बोलावून घेतलं. एकटीने बघवत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. पोहे जास्त झालेत म्हणाल्या.

गुरवाला दोन लुगडी हवी होती. पहिल्या अर्ध्यात त्याने दीड काढलं. मग बराच वेळ त्याला कुणी हलू दिलं नाही. काकूंचे पोहे थंड झाले. तिसऱ्या भागात तो एका बाजूने सुटला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव आलं. रेकॉर्ड मोडला होता, दोन वारांनी. काकू उठून गॅलरीत गेल्या आणि तुळशीला पाणी घालू लागल्या. ते आधीच घालून झालं होतं.

पुढच्याच डावात चौघांनी मिळून गुरवाला धरलं आणि मागे ढकलत नेलं. या खेळात मागे गेलं की तेवढे वार कापतात. तीन वार कापले. मी गॅलरीत जाऊन सांगितलं की वाल्टरभाऊ एका वाराने परत पुढे आहेत. काकू आत आल्या. चहा टाकला, साखर दोनदा घातली. व्यक्तिपूजेविरुद्ध बोलणारी मी तो गोड चहा पीत त्या गुरवाने पुन्हा बॉल हातात घेऊ नये म्हणून सोफ्याचा कोपरा घट्ट धरून बसले होते.

शेवटची काही मिनिटं राहिली असताना त्याने बॉल घेतला आणि सरळ गर्दीत घुसून जेमतेम अर्धं लुगडं काढलं. तेवढं पुरलं. मग त्याला मागे ढकलायला वेळच उरला नाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. काकूंनी आवाज बंद केला आणि नीताला व्हिडिओ कॉल लावला.

नीता म्हणाली, आई, इथे रात्र झाली आहे, बाहेर बर्फ आहे, ते झोपले असतील.

"खिडकी बघ त्याची."

नीताने पडदा सरकवला. शेजारी दिवा चालू होता.

"जा मंग. अन् मले घेऊन जा."

फोन हातात धरून नीता बर्फातून चालत गेली. काकू आणि मी धायरीत बसून अंधार आणि तिच्या बुटांचा आवाज ऐकत होतो. दार उघडलं. वाल्टरभाऊ खुर्चीत बसले होते, समोरचा टीव्ही बंद.

"जेवले का, भाऊ?" काकूंनी वऱ्हाडीत विचारलं. त्यांनी इंग्रजीत काहीतरी उत्तर दिलं. नेहमीप्रमाणे. मग काकू नीताला म्हणाल्या, "पुढल्या वर्षी गाडी नाई आली तं तू नेशील त्याहिले. कोट घालून."

"आई, त्या मॅचची तिकिटं वर्षभर आधी संपतात."

"मंग आत्ताच काढ."

वाल्टरभाऊंनी विचारलं, काय म्हणते तुझी आई? नीताने सांगितलं. ते हसले आणि बराच वेळ बोलले. मला सगळं कळत होतं, तरी नीता मराठीत सांगेपर्यंत मी गप्प राहिले. तो मान तिचा होता.

नीता म्हणाली, "आई, ते म्हणतात रेकॉर्ड आज नाही मोडला, गेल्या वर्षीच मोडला. तू इथे असताना त्यांनी मला विचारलं होतं, तुझी आई दुकानात किती वर्षं होती, रोज किती कापड मोजायची. मी अंदाजे सांगितलं. त्यांनी हिशोब केला. त्यांचे सगळे वार मिळून तुझ्या दुकानातली एक दिवाळी होते. म्हणतात, मी तेव्हाच दुसरा झालो होतो, आज तिसरा. पहिली तू."

काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "सांग त्याहिले, मले कोनी अंगावर येऊन पाडत नव्हतं. माह्यं सोपं होतं."

नीताने ते सांगितलं की नाही, कळलं नाही. वाल्टरभाऊ फोनकडे सरकले. त्यांनी हाताची मूठ नाकाशी नेली, चिमटीत काहीतरी धरल्यासारखी, आणि दुसरा हात बाजूला पूर्ण ताणला. घाईत कापड मोजायचा गज सापडला नाही की परतवाड्यात काकू असंच मोजत. पायरीवर बसून त्यांनीच शिकवलं असणार.

काकूंनी फोन माझ्याकडे दिला आणि आपलाही हात लांब केला. पुण्यात एक वार, तिथे एक वार. नंतर त्या मान तिरकी करून त्यांचा हात बघत राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "कोपर सरळ ठेवा भाऊ. कमी भरून राहिलं."