हेडफोनची जागेवर तपासणी

मापसाहेबांचा हेडफोन मोडून अकरा दिवस झाले होते, आणि त्यांच्या बायकोच्या मते घरात आता एक तर नवा हेडफोन यायला हवा होता, नाहीतर नवा नवरा.

मोडला कसा, तर ती स्वतःच त्यावर बसली होती. पण तो मुद्दा काढायची ही वेळ नव्हती. मापसाहेब वजनमाप निरीक्षक. दिवसभर दुकानादुकानांतले काटे तपासायचे आणि दुकानदारांच्या शपथा ऐकायच्या, ही त्यांची नोकरी. घरी यावं तर दोन खोल्यांपैकी एकीत बायकोचा शिवणाचा क्लास. चार मशीनं आणि पाच बायका, म्हणजे मशीनं थांबली तरी आवाज थांबायची सोय नाही. राहता राहिली बस. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस मिनिटं, कानात शास्त्रीय गायन. एवढ्या शिदोरीवर हा माणूस बावीस वर्षं माणसासारखा वागत आला होता. ती बंद झाली आणि त्यांचा तोल सुटला. काल तर त्यांनी अगदी बिनचूक काट्याला सील ठोकलं आणि मागाहून जाऊन माफी मागितली. निरीक्षक माफी मागतोय म्हटल्यावर तो दुकानदारच घाबरला.

"आज घेऊन या," बायको म्हणाली. "नाहीतर घरात वाचा बंद ठेवून वावरा."

संध्याकाळी मापसाहेब दुकानात उभे राहिले. हेडफोनवाल्यानं पहिला हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला.

"बेस ऐका साहेब, बेस! छाती हलते की नाही?"

"मला छाती हलवायची नाही, गाणं ऐकायचंय. तानपुरा कुठे गेला?"

"असेल की... मागे कुठेतरी."

दुसऱ्यात तबला दार ठोठावल्यासारखा वाजत होता. तिसऱ्यात गायिका डब्यात बसून गात होती. चौथा उत्तम होता. त्याची किंमत ऐकून मापसाहेबांनी तो दोन्ही हातांनी, झोपलेलं बाळ ठेवावं तसा खाली ठेवला. पाचवा मात्र जमला. काळा, घडी करून खिशात मावणारा, किंमत बेताची, आणि तानपुऱ्याची तार न् तार सुटी ऐकू येणारा.

"बांधून देऊ?"

हो म्हणाले असते तर सुटले असते. पण नाही! बावीस वर्षांची सवय आडवी आली. त्यांच्या खात्याचा नियमच होता, की काटा जिथे वापरतात तिथेच जाऊन तपासायचा. कारखान्यात काय, सगळेच काटे साधुसंत असतात.

"इथे चांगला वाजतो हो," मापसाहेब म्हणाले. "इथे शांतता आहे. बसमध्ये वाजायला हवा."

"मग घेऊन जा आणि बघा."

"पैसे देऊन मग तपासणी? असं नसतं. तपासणी आधी. उद्या आठ चाळीसच्या बसला तुम्ही या. तुलनेला आणखी दोन-चार आणा."

हेडफोनवाल्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शेजारचं किराणा दुकान त्याच्या सासऱ्यांचं होतं, आणि तिथल्या काट्याबद्दल जावई म्हणून त्याला जे ठाऊक होतं ते झाकलेलंच बरं होतं.

"दोन-चार कशाला साहेब," तो म्हणाला, "अख्खा खोकाच आणतो."

दुसऱ्या दिवशी बस नेहमीसारखी गाजत होती. पुढच्या सीटवर निवृत्त मुख्याध्यापिका बहिणीशी फोनवर अशा बोलत होत्या, की फोन नसता तरी चाललं असतं. मागे एक विमा एजंट मोबाइलवर विनोदी क्लिपा मोठ्यानं लावून सगळ्यांच्या आधी हसत होता. मापसाहेब खूश झाले. तपासणीला याहून वाईट परिस्थिती मिळाली नसती. त्यांनी वही काढली, पाचवा हेडफोन लावला आणि इंजिनाजवळ, मधे आणि मागच्या चाकावर असे उभे राहून शेरे लिहिले. मग तुलना म्हणजे तुलना, म्हणून तो काढून खोक्यात ठेवला आणि पहिला लावला.

"काय चाललंय हे?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"तपासणी."

हा शब्द त्यांनी कचेरीतल्या आवाजात उच्चारला, त्यामुळे अख्खी बस वळून बघायला लागली.

"मलाही बघू एक," बाई म्हणाल्या.

"बाई, हे शास्त्रीय संगीतासाठी चाललंय."

"मग? मला काय शास्त्र कळत नाही?" बाईंनी खोक्यात हात घालून पाचवाच उचलला आणि फोनला जोडून घेतला. दुसऱ्या क्षणी त्यांचा चेहरा उजळला. "अगं बाई! ही तर माझ्या कानातच येऊन बसली! मग मी इतकी वर्षं ओरडत कशाला होते?"

एजंट उठून आला. त्याच्यामागे आणखी दोघं आले. तिकिटं सोडून कंडक्टर आला.

"घ्या, घ्या!" हेडफोनवाल्याला कंठ फुटला. "साहेबांनी स्वतः तपासलेला माल आहे!"

"अहो, मी अजून काही ठरवलेलं—" मापसाहेब म्हणाले, पण त्यांच्या हातातली वही आणि पेन लोकांना पुरेसं होतं. जो माणूस भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळवतो, त्यानं पसंत केलेली वस्तू हातची कोण सोडतो?

शेवटच्या थांब्यावर मापसाहेबांनी वही मिटली. "ठरलं. पाचवाच. द्या."

हेडफोनवाल्यानं खोका उलटा करून दाखवला. "पाचवा बाईंनी नेला. बाकीचेही गेले. दुकानातही आता एक नाही. आठ दिवसांत माल येईल, तुमचा पहिला नंबर!" आणि त्यानं मनापासून हात जोडले.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. घरी बायकोनं नुसतं तोंडाकडे पाहिलं आणि सगळी मशीनं एकदम सुरू करायला सांगितली.

सकाळी मापसाहेब जड पायांनी बसमध्ये चढले आणि दारातच थबकले. बसमध्ये चिडीचूप होतं. जो तो हेडफोन लावून बसलेला. एजंटाचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. बाई बहिणीशी चक्क कुजबुजत होत्या. मापसाहेब खिडकीशी बसले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, मग हेडफोन हवाय कशाला? त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला, आवाज अगदी बारीक केला आणि गाणं लावलं. तानपुरा भरून आला. गायिकेनं पहिला लांब स्वर लावला. मापसाहेबांनी डोळे मिटले. तेरा दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. इतकं बरं, की त्यांची मान आपोआप डोलायला लागली.

कोणीतरी खांद्यावर बोट मारलं. एक कान मोकळा करून कंडक्टर उभा होता.

"साहेब, बंद करा ते. तक्रार आलीय."

"एवढ्याशा आवाजाची? कोणाची तक्रार?"

"बाईंच्या बहिणीची. ती फोनवर विचारतेय, बसमध्ये कोण रडतंय म्हणून."

मापसाहेबांनी गाणं बंद केलं. कंडक्टर जायला निघाला, पण त्याला राहवेना. तो वाकून हळूच म्हणाला, "साहेब, आम्हा सगळ्यांना एवढे छान निवडून दिलेत, त्यातला एखादा स्वतःलाही घ्यायचा होतात."