आत्याबाईंचा अंतरा

"मावशी, ते गाणं बंद करा! माझ्या हातात ड्रिल आहे!"

डॉक्टरीणबाई आतून ओरडल्या आणि दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणाऱ्या मावशींनी टेबलाचा खण आणखी आत ढकलला. गाणं त्याच खणातून येत होतं, आणि खणात आत्याबाई होती.

आता ही आत्याबाई कोण, ते सांगायलाच हवं. रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेतली ती दुष्ट बाई. मालिकेतल्या सात पात्रांच्या बाहुल्या निघाल्या होत्या. मावशींकडे सहा होत्या, सगळ्या खोक्यात, सीलबंद. सातवी, म्हणजे आत्याबाई, आज सकाळी कुरियरने थेट दवाखान्यात आली. संध्याकाळी चाहत्यांच्या मंडळाची स्पर्धा होती. ज्याचा अख्खा संच सीलबंद, त्याला मालिकेत चक्क एक वाक्य बोलायला मिळणार होतं! वाक्य होतं, "लिफ्ट खाली चाललीय का?" मावशी महिनाभर येणाऱ्या प्रत्येक पेशंटला ते म्हणून दाखवत होत्या. दवाखाना तळमजल्यावर असल्यामुळे पेशंट बिचारे गोंधळून जायचे.

मावशींना या मालिकेतल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं. शीर्षकगीतात बासरी घुसडून त्याची पार वाट लावली, हे एक मत. नायिकेच्या बाहुलीचे केस दुसऱ्या खेपेला आखूड केले, कंजूस मेले, हे दुसरं. पण सगळ्यात ठाम मत आत्याबाईच्या गाण्यावर. "दोन वर्षं झाली, बाई तेवढं धृपदच गातेय! काळजात काही असेल तर अंतरा सुचेल ना?" मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं, अंतरा असणारच. यावरून दोघांचं इतकं वाजलं होतं की एकमेकांशी बोलणंसुद्धा बंद होतं.

तर झालं असं, की खोक्याला एक भोक होतं आणि त्यातून 'दाबून बघा' असं लिहिलेलं बटण डोकावत होतं. मावशींनी दाबून बघितलं. एकदाच! बटण आत गेलं ते तिकडचंच झालं. आत्याबाई सुरू.

*दार लावा गं, दार लावा गं, वारा माझा वैरी...*

संपलं की पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी बाहुलीच्या पाठीत, बाहुली खोक्यात, आणि खोकं फोडलं की लिफ्ट गेली.

मावशींनी खोकं ॲप्रनमध्ये गुंडाळलं. आवाज बसलेल्या घशासारखा झाला, पण थांबेना. मग त्यांना अवजारं तापवून निर्जंतुक करायचं यंत्र दिसलं. चांगलं जाड झाकण! त्यांनी आत्याबाईला आत ठेवलं आणि झाकण लावलं. शांतता. मावशींनी हुश्श केलं.

"मावशी, मी यंत्र चालू करतेय हं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नका! नका! आत बाई आहे!"

खुर्चीतले पेशंट ताडकन उठून बसले. ते ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर. भर रस्त्यात शिकाऊ माणसाच्या शेजारी निवांत बसणारा हा गृहस्थ, पण दाताच्या खुर्चीत त्याचा पाय सारखा ब्रेक शोधत होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना परत आडवं केलं. मावशींनी बाहुली बाथरूमच्या कपाटात कोंडली. तिथे तर आवाज जास्तच घुमायला लागला, आणि मास्तरांची मान तालावर डुलायला लागली.

"मास्तर, मान हलवू नका!" डॉक्टरीणबाईंनी ड्रिल खाली ठेवलं. "बस्स! ते गाणं थांबल्याशिवाय मी या दाताला हात लावणार नाही."

"अहो, पण संध्याकाळी माझी लिफ्ट..."

"आणि यांचा दात अर्धा कोरलाय त्याचं काय?"

मास्तरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसते हात जोडले. इंजेक्शनचा अंमल उतरायला लागला होता आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. ते बघून मावशींचा जीव कळवळला. त्यांनी टाके कापायची कात्री घेतली, डोळे गच्च मिटले आणि सील कापलं.

बाहुलीच्या पाठीवर एक प्लास्टिकची पट्टी होती. बॅटरीचीच असणार म्हणून मावशींनी ती ओढली. आत्याबाईने मान वर केली आणि पुढचं गायला लागली.

*उघडून कुणी पाहिलं असतं, मीही होते बरी...*

"अगं बाई, अंतरा!" मावशी किंचाळल्या. "डॉक्टर, हिला अंतरा आहे!"

ती पट्टी दुकानापुरती होती. पट्टी आहे तोवर नुसतं धृपद, काढली की पूर्ण गाणं. मंडळातल्या एकूण एक माणसाकडे ही बाहुली होती, पण खोकं फोडायचं पाप कुणी केलंच नव्हतं! गाणं संपलं, अडकलेलं बटण टक्कन बाहेर आलं आणि बाहुली आपोआप गप्प झाली. मास्तर मात्र रडतच होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखतंय?" त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि बाहुलीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी हॉलमध्ये अध्यक्ष सगळ्यांची सीलं तपासत होते. परीक्षक तेच आणि स्पर्धकही तेच. फाटकं खोकं बघून त्यांनी मौन सोडलं. "अरेरे! फोडलंत?"

"फोडलं. आता ऐका."

आत्याबाई गायली. मग कोपऱ्यातून चर्रर्र असा आवाज आला. मग दुसरीकडून. बघता बघता सगळा हॉल खोकी फाडत सुटला आणि पन्नास आत्याबाया मागेपुढे अंतरा गायला लागल्या. कुणी रडतंय, कुणी शेजारच्याला मिठी मारतंय!

सीलबंद संच उरला एकट्या अध्यक्षांचा. त्यांनी स्वतःच स्वतःला विजयी घोषित केलं. टाळ्या वाजवायला कुणाचे हात रिकामे नव्हते. ते जरा वेळ खोकं कुरवाळत उभे राहिले, मग हळूच मावशींजवळ आले.

"कात्री आहे का हो?"

"शूटिंगपर्यंत सील टिकलं पाहिजे, हा नियम तुमचाच ना? लिफ्ट जाईल."

"जाऊ दे हो! अंतरा आहे म्हणून दोन वर्षं कोण घसा कोरडा करत होतं?"

"तुम्हीच," मावशी म्हणाल्या. "चुकलं माझं." आणि त्यांनी पर्समधून कात्री काढून दिली.

मालिकेच्या त्या भागात लिफ्ट बंद असल्याचं दाखवलं.